ती काळी माती पीट नव्हे

गोव्यात खाजनालगतच्या (खाडीकाठची, बांध घातलेली सखल खारी शेतजमीन) प्लॉटातली काळी माती पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, समजून काढायची आणि घर झाल्यावर बागेत घालायची, असा तुमचा बेत वाचला. दादा, जरा थांबा. तो बहुधा खारा चिखल आहे. ओला असताना कुजक्या अंड्यासारखा वास, सुकला की भेगांत पिवळट डाग. म्हणजे आतल्या गंधकाला हवा लागून आम्ल झालं. आम्ही दोन ट्रॉल्या जास्वंदीला घातल्या, पंधरवड्यात पानांच्या कडा करपल्या. (मग चुन्याची पोती आणली, तो खर्च वेगळाच.) पीटऐवजी नारळाच्या सोडणाचा भुसा धुऊन वापरा, गोव्यात त्याला काय तोटा! आणि सखल जागेत भराव घालणार असाल तर नगर नियोजन कायद्याच्या कलम 17-ए खाली लेखी परवानगी आधी घ्या.