हेल्दी किराणा आणि थोडं चवीचं परदेशी सामान पुण्यात खिशाला झेपेल असं कुठून घेता?

वारजेकर_सूनबाई:

नमस्कार मंडळी. वारजे माळवाडीत राहतो. आम्ही दोघं, सासूबाई आणि सहावीतला मुलगा. सासूबाईंची साखर काठावर आली आहे. डॉक्टरांनी भात कमी करून कडधान्यं, भाज्या, ज्वारी-बाजरी वाढवायला सांगितलंय. मुलाला पास्ता, काबुली चण्यांचं हमस, बेसिलच्या चटणीसारखं पेस्टो हवं असतं आणि मलाही ते करायला मनापासून आवडतं. दूध सोडून किराणा, भाजी, फळं सगळं महिन्याला १२ हजारांत बसवायचंय.

ॲपवर क्विनोआ, चिया, ऑलिव्ह ऑइल, ब्रोकोली आणि जरासं चीज टाकलं की बिल तीन हजारांच्या पुढं जातं, आणि त्यात तूरडाळ अजून घेतलेलीच नसते. चांगल्या प्रतीचं आणि आवाक्यातलं पुण्यात कुठं मिळतं? स्कूटर आहे, पेठांत जायची तयारी आहे. मार्केट यार्डात आपल्यासारख्यांना किरकोळ देतात का? आणि क्विनोआ-चिया खरंच लागतात का?

डबे_शनिवारपेठ:

ताई, मी शनिवार पेठेत घरूनच जेवणाचे डबे देते. त्यातले बरेचसे आता हेल्दीवाले आहेत: मोड आलेली कडधान्यं, सॅलड, बाजरीची खिचडी, मधूनमधून पास्ता. डब्याचा दर मनाला येईल तसा वाढवता येत नाही, त्यामुळं तुमचा प्रश्न माझ्यापुढं रोजचाच आहे. माझं ठाम मत असं की पोटभरीचा माल आणि चवीपुरता माल एकाच दुकानातून घेऊ नका. जिथं परमेजान चीज चांगलं मिळतं तिथं मूगडाळ महाग असते. जिथं मूगडाळ ताजी आणि स्वस्त, तिथं चीज ठेवतच नाहीत. सगळं एका बिलात बसवायला गेलं की एका बाजूला पैसे जातात नाहीतर दुसऱ्या बाजूला चव जाते.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते. क्विनोआ लागत नाही. राजगिरा त्याच कुळातला, दोन्हींत प्रथिनं १०० ग्रॅमला १४ ग्रॅमच्या आसपास, आणि राजगिरा पुष्कळ स्वस्त. फक्त सासूबाईंना राजगिऱ्याच्या लाह्या देऊ नका, लाह्यांनी साखर भरकन चढते. त्यांच्यासाठी अख्खी ज्वारी शिजवा. मालदांडी ज्वारी रात्रभर भिजवायची, सकाळी मीठ घालून कुकरला लावायची. शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करून आणखी वीस मिनिटं ठेवायची. दाणा फुगला पाहिजे, फुटता कामा नये. दाताखाली आला की थोडा चिवट लागतो, तेच हवंय. पाणी निथळून ताटात पसरून गार करा, मग काकडी, डाळिंबाचे दाणे, भरपूर कोथिंबीर, लिंबू आणि वरून चमचाभर चांगलं तेल. माझे आयटीतले गिऱ्हाईक हे सॅलड मागून घेतात. निथळलेली ज्वारी फ्रीजमध्ये तीन दिवस छान राहते.

चियाऐवजी जवस. ओमेगा-३ जवसात चियापेक्षा थोडं जास्तच असतं. पण जवस अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून मंद भाजून भरडायचे आणि पूड थोडी थोडीच करून फ्रीजमध्ये ठेवायची, नाहीतर तिला खवट वास येतो. मुलाला चियासारखं पुडिंग हवं असेल तर सब्जा तसाच फुगतो. पावसाळ्यात मंडईत घोळ दिसली तर सोडू नका. तिच्या पानांतही ओमेगा-३ असतं, आणि जुडी कितीला मिळते ते तुम्हीच बघा.

आता मार्केट यार्ड. फळभाजी विभागात भाव दहा किलोचा बोलतात, पालेभाजी शेकड्यावर जाते. एकट्या घरासाठी तिथं जाण्यात अर्थ नाही. सोसायटीतली चार-पाच घरं मिळून गेलात तर रविवारी जा, त्या दिवशी आवक भरपूर असते. भुसार बाजाराचं तसं नाही. तिथं काही गाळ्यांवर पाच-दहा किलो सुटं देतात, पण विचारावं लागतं आणि कट्टे उतरवायची घाई सुरू असताना विचारू नये. किलो-दोन किलोचंच काम असेल तर नाना पेठ, भवानी पेठ. डाळ अनपॉलिश मागा. तिच्यावर चकाकी नसते, मूठभर घेऊन चोळली की तळहाताला बारीक पीठ लागतं. चकचकीत डाळीला भुलू नका. सुकामेवा रविवार पेठेतून घ्या आणि काजू अख्खे न घेता पाकळी किंवा तुकडा मागा. वाटणात आणि पेस्टोत अख्खा काजू कुणाला दिसतो?

पेस्टोचं सांगते, कारण त्यात फार पैसे जातात. मूळ पेस्टोत चिलगोजे लागतात, त्यांचा भाव ऐकूनच माणूस मागं फिरतो. काजू तुकडा हलका भाजून घाला. बेसिल निम्मं आणि कोथिंबीर निम्मी घ्या, रंग हिरवागार राहतो. बेसिलचं एक रोप कुंडीत लावाच. वरचे शेंडे खुडत राहिलात की ते भरगच्च होतं. हमससाठी ताहिनी विकत आणू नका, पांढरे तीळ रंग न बदलता भाजून थोड्या तेलात वाटले की झाली.

चवीपुरत्या मालासाठी कॅम्प. ब्रोकोली, झुकिनी, लेट्युस शिवाजी मार्केटमध्ये बघा. चीजसाठी दोराबजी. तिथं जाताना यादी लिहून न्या आणि यादीबाहेर हात घालू नका. परमेजानचा छोटासा तुकडा घ्या, किसलेलं पाकीट नको. पाकिटातलं गोळा होऊ नये म्हणून त्यात पावडर घातलेली असते आणि वासही उडून गेलेला असतो. ऑलिव्ह ऑइल एक्स्ट्रा व्हर्जिन, गडद काचेची सगळ्यांत लहान बाटली, आणि ते फक्त वरून घ्यायला. पोमेस लिहिलेलं स्वस्त म्हणून उचलू नका. ते ऑलिव्हच्या चोथ्यातून काढून रिफाइन केलेलं असतं, सॅलडवर त्याला काही चवच नाही. फोडणीला आपलं घाण्याचं शेंगदाणा तेल.

सावर क्रीम, क्रीम चीज, लाबने यांच्यावर एक रुपयाही घालवू नका. चक्का आणा किंवा घरी दही टांगा, मीठ घालून फेटा, वर जिरं आणि तेल. पुण्यात राहून चक्क्याला पर्याय शोधायची गरज नाही.

मावळचा_भात:

शनिवार पेठेच्या ताईंनी सगळं सांगितलं, तांदूळ राहिला. आमची शेती कामशेतजवळ. इंद्रायणी हे आमच्या मावळातलंच वाण, वडगावच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून १९८७ साली तयार झालेलं. काढणी झाली की नोव्हेंबर-डिसेंबरात थेट शेतकऱ्याकडून घेतलात तर दुकानापेक्षा स्वस्त पडतो. नवा तांदूळ चिकट होतो, गुरगुट्याला उत्तम. मोकळा भात हवा असेल तर वर्षाचा जुना मागा.

सासूबाईंसाठी हातसडी घेणार असाल तर वर्षाचा भरून ठेवू नका. कोंड्यात तेल असतं, त्यामुळं तो लवकर खवट होतो आणि किडही लवकर लागते. दोन महिन्यांपुरताच घ्या. हातसडी झाला तरी भातच आहे, वाटी मोजूनच वाढा. आंबेमोहोराला उतारा कमी आणि तो उशिरा येतो, म्हणून महाग. आंबेमोहोर म्हणून कुणी फारच स्वस्त देत असेल तर तो मुळशी-मावळचा नाही असं खुशाल समजा.

पाकीट_वाचणारा:

फूड टेक्नॉलॉजीत काम करतो. तीनच गोष्टी सांगतो.

पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. ‘मल्टिग्रेन’ ब्रेडवर पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचाच ब्रेड, पुढं किती का धान्यं छापलेली असेनात. पास्त्यावर फक्त ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ बघा. आपला बन्सी गहू त्याच ड्युरम जातीचा, म्हणून त्याचा रवा आणि शेवया इतक्या मोकळ्या होतात. इटलीचं नाव असलेलंच पाकीट हवं असं नाही, घटक तेवढे बघा.

‘ऑरगॅनिक’ लिहिलेल्या पाकिटाचे जास्त पैसे देणार असाल तर ‘जैविक भारत’चं सरकारी चिन्ह शोधा. ते नसेल तर नुसत्या हिरव्या रंगाचे पैसे देऊ नका.

आणि एमआरपीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो, तोच ताडून बघा. ‘फॅमिली पॅक’ दर वेळी स्वस्त असतोच असं नाही.

वारजेकर_सूनबाई:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! आज ज्वारी भिजत घातली आहे. डबेवाल्या ताई, अजून दोन शंका. परमेजान आमच्याकडं इतक्या लवकर संपत नाही, ते ठेवायचं कसं? आणि १२ हजारांत चवीच्या मालाला किती ठेवू?

डबे_शनिवारपेठ:

परमेजान बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, प्लॅस्टिक चिकटवून बांधू नका. कडक सालीकडची कड टाकून देऊ नका. टोमॅटोच्या सारात उकळताना ती घाला आणि वाढण्याआधी काढून घ्या. साराला जी चव येते ती खाऊनच बघा.

पैशांचं म्हणाल तर धान्य, डाळी, तेल, मसाले यांना साडेपाच हजार ठेवा, भाजी-फळांना साडेचार. चवीच्या मालाला दीड हजार, आणि तेही महिन्यातून एकाच फेरीत संपवा. उरलेले पाचशे हातात राहू द्या. डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, तिथं बचत गटांच्या बायका घरची कडधान्यं, पापड, चटण्या आणतात. त्या वेळी हे साठवलेले पैसे कामाला येतात. कडधान्यं मी तिथूनच भरते.

आणि दळण गिरणीतूनच आणा. पाच किलो गव्हाला पाव किलो हरभराडाळ, पाव किलो सोयाबीन आणि अर्धा किलो नाचणी. सोयाबीन आधी भाजून घ्या, नाहीतर पोळीला उग्र वास येतो. पाकिटातल्या मल्टिग्रेन आट्यापेक्षा हे स्वस्त, आणि आत काय काय पडलंय ते तुम्हाला माहीत असतं.

मावळचा_भात:

ताई, इंद्रायणी हवा असेल तर काढणीनंतर इथंच लिहा. वारज्यातली चार-पाच घरं जमली तर ५० किलोचा कट्टा फोडून वाटून घेता येईल. नवा-जुना काय हवं ते आधी सांगा, जुना कमीच उरतो.