भाऊसाहेब, सिक्वेरा आणि सालाझार एकाच दारात उभे केले तर?

मांडवीकाठ:
गेल्या रविवारी पणजीत मित्राच्या घरी भिंतीवर चादर ताणून रशियन दिग्दर्शक अलेक्झांडर सोकुरोवचा 'फेअरीटेल' (२०२२) पाहिला. ७८ मिनिटं. बघणारे नऊ, त्यांतले दोघे घोरले.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. मेल्यानंतर स्टालिन, हिटलर, मुसोलिनी आणि चर्चिल धुक्यातल्या पडक्या वास्तूंतून भटकतात, स्वर्गाच्या दाराशी ताटकळतात आणि एकमेकांना टोमणे मारतात. नट एकही नाही. जुन्या चित्रफितींतून कापून काढलेली ही खरी माणसं आहेत. चाल त्यांची, हातवारे त्यांचे, आवाज मात्र दुसऱ्यांचे. स्टालिन जॉर्जियन बोलतो, बाकीचे आपापली भाषा. एकाच माणसाच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या कपड्यांत एकदम पडद्यावर येतात आणि आपसातच बोलतात. डीपफेक, म्हणजे संगणकाने बनवलेली खोटी चित्रफीत, वापरलेलं नाही, हे दिग्दर्शकाने आवर्जून सांगितलंय.

मला तो आवडला नाही. देखणा आहे, ते कबूल. पण खऱ्या माणसाच्या हलत्या ओठांवर दुसऱ्याचं वाक्य चिकटवायचं आणि त्याला प्रयोग म्हणायचं, हे मला पटत नाही. हिटलरची अब्रू जाण्यासारखी उरलेली नाही, म्हणून तिथे ते खपतं. सिनेमा संपल्यावर आमचा एक उत्साही मित्र म्हणाला, आपण गोव्यावर असाच करूया. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, त्यांचे विरोधक डॉ. जॅक सिक्वेरा, नेहरू आणि पोर्तुगालचा हुकूमशहा पंतप्रधान सालाझार, चौघे एका दाराशी. मला घाम फुटला. तुम्हाला काय वाटतं?

तिस्कवाली:
मांडवीकाठभाई, घाम कसला पुसता! दशावतारात संकासुर अर्धा तास जे काही बोलतो ते कुठल्या पोथीत लिहिलेलं असतं? त्याच रात्री गावच्या पंचाला आणि आमदारालाही टोले बसतात, ते आपण मांडी घालून ऐकतो. तियात्रात, म्हणजे कोंकणी नाटकात, तर पुढाऱ्यावरचं कांतार (गाणं) नसेल तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. शब्द दुसऱ्याच्या तोंडी घालणं हा आपला जुना धंदा आहे. सोकुरोवने तेच केलं, फक्त मुखवट्याऐवजी चित्रफीत घेतली.

आणि नेहरूंचं म्हणाल, तर गोव्याचे लोक 'अजीब' आहेत हे त्यांचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य इथल्या किती भाषणांत येतं ते मोजा. त्याला कुठे ॲनिमेशन लागलं?

डिचोलीचा मास्तर:
असहमत. संकासुराला मतदारसंघ नसतो हो बाई. त्याची नातवंडं तालुक्यात राहत नाहीत.

माझे वडील शाळेत गेले ते भाऊसाहेबांच्या सरकारने गावात मराठी प्राथमिक शाळा काढली म्हणून. आमच्या घरातला शाळेत गेलेला पहिला माणूस. स्वतः खाणमालक असलेल्या माणसाच्या सरकारने १९६४ मध्ये कुळांच्या बाजूने कायदा केला, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. आमच्याकडे त्यांचा फोटो देवांच्या शेजारी आहे. त्या फोटोतल्या तोंडाने तुम्ही उद्या सिक्वेरांना शिवी घालायला लावणार आणि मी त्याला कला म्हणायचं? जिवंत माणूस निदान खुलासा काढतो.

शिवाय हे आता स्वर्गाच्या दारापुरतं राहिलेलं नाही. २०१८ मध्ये वारलेले तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री करुणानिधी जानेवारी २०२४ मध्ये पक्षाच्या कार्यक्रमात पडद्यावर येऊन भाषण करून गेले, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कृपेने. पुढच्या निवडणुकीत भाऊसाहेब कोणाचा प्रचार करतील, सांगा.

मडगांवकार:
मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण देवाशेजारी फोटो लावलात तिथेच घोटाळा झाला. आमच्या घरी सिक्वेरांचा होता. आजोबा दोन पानांवाले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. आजोबा हे आकडे पाढ्यासारखे म्हणायचे.

पण पुढचं ऐका. आजोबा पानांचा प्रचार वाचायचे तो 'राष्ट्रमत'मध्ये, म्हणजे मराठी दैनिकात! विलीनीकरणाविरुद्धची लढाई मराठीतून. आणि भाऊसाहेबांनी कौलाआधी राजीनामा दिला, कौल हरले, आणि काही महिन्यांत निवडणूक जिंकून परत मुख्यमंत्री. ज्या लोकांनी त्यांना 'नाका' (नको) म्हटलं त्यांनीच 'जाय' (हवं) म्हटलं. हे सरळ माहितीपटात कसं बसवणार? इथे दोन भाऊसाहेबच पाहिजेत, एक राजीनामा लिहिणारा आणि एक शपथ घेणारा, एकमेकांकडे बघत. सोकुरोवच्या त्या प्रतींचा उपयोग मला इथे कळला.

तिस्कवाली:
+१. मास्तरांच्या घरचे भाऊसाहेब आणि मडगावातले भाऊसाहेब, हे धरून चार झाले.

वास्कोचो पोर:
अवांतर, पण विषयाला धरून. चर्चिलला त्या तिघांच्या रांगेत बसवलं म्हणून युरोपात कोणाला खटकलं असेल तर असेल, १९४३ चा बंगालचा दुष्काळ माहीत असलेल्याला त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही.

आणि ही मंडळी आपल्याला एवढी परकी नाहीत. पोर्तुगाल तटस्थ होता म्हणून महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन आणि इटालियन जहाजं मुरगाव बंदरात आसऱ्याला येऊन थांबली. त्यातल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावरून पाणबुड्यांना बातम्या जातात अशी ब्रिटिशांची खात्री झाली. मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिश स्वयंसेवक पथकाची बरीचशी वयस्कर मंडळी रात्री बोटीने येऊन त्या जहाजावर चढली. जर्मनांनी ते स्वतःच बुडवलं. म्हणजे हिटलर, मुसोलिनी, चर्चिल आणि यजमान सालाझार, चौघे आमच्या बंदरात एका रात्री! स्वर्गाचं दार कशाला, मुरगावचा धक्का पुरे.

फोंड्याचा रेखाटनवाला:
मी या कामात पोट भरतो, म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी.

सोकुरोवला ते जमलं कारण त्या चौघांचं चित्रण ढिगाने पडून आहे. चालताना, हसताना, नाक पुसताना. आपल्याकडे जुन्या पुढाऱ्यांचे बहुतेक फोटो आहेत, तेही हार घातलेले. फोटोतला माणूस चालवायचा तर त्याची चाल तुम्हाला बनवावी लागते. मग एक तर संगणकाला सांगून खोटी चित्रफीत करा, नाही तर हाताने काढा. ७८ मिनिटं, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे १,१२,३२० चौकटी. आम्ही लोक एक चित्र दोन चौकटींना पुरवतो, तरी ५६,१६० चित्रं. पैसे कोण देणार हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवतो.

पण मांडवीकाठ आणि मास्तर, तुमचा आक्षेप हाताने काढलेल्या चित्राला लागू होत नाही, असं मला वाटतं. रेषा दिसली की बघणाऱ्याला कळतं, हे कोणीतरी काढलंय. आपल्या व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या चित्रातला माणूस खरंच तसं बोलला का, असं आजवर कोणी विचारलंय? खोटेपणा शब्दांत नसतो, चित्राने पुरावा असल्याचा आव आणला की तो सुरू होतो. सोकुरोवकडे निदान कापल्याच्या कडा आणि धुकं दिसतं. करुणानिधींच्या त्या प्रकारात कडा लपवायचीच धडपड असते.

डिचोलीचा मास्तर:
रेषेचं पटलं, अर्धं. पण शिवी नको. आणि भाऊसाहेब बोलणार असतील तर मराठीत. मडगांवकार आता म्हणेल, सिक्वेरा कोंकणीत.

मडगांवकार:
म्हणणारच! नेहरू हिंदीत, सालाझार पोर्तुगीजमध्ये. कोणालाच कोणाचं कळणार नाही. विधानसभेपेक्षा बरं.

मांडवीकाठ:
रेखाटनवाल्यांचा मुद्दा मला नीट उतरवून घ्यावा लागेल. चित्रफीत आणि चित्र यांत मी गल्लत केली होती. तरीही चौघांना एका दाराशी उभं करायला मी तयार नाही. भाऊसाहेब आणि सिक्वेरा आपल्यातले, त्यांचं भांडण घरचं. त्यांना सालाझारच्या रांगेत बसवलं की सगळे पुढारी सारखेच, असा सोपा अर्थ निघतो. 'फेअरीटेल'मध्ये माझं हेच बिनसलं होतं, तेव्हा नीट सांगता आलं नाही.

सालाझार एकटा मात्र पाहिजे. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात आलं तेव्हा त्याने लिस्बनमध्ये बसून गोव्यातल्या सैन्याला मरेपर्यंत लढायला सांगितलं. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वाने माणसं मरू न देता शरणागती पत्करली, आणि त्यासाठी त्याला पुढे सैन्यातून काढून टाकलं. १९६८ मध्ये हाच सालाझार खुर्चीवरून पडला, पुढे मेंदूत रक्तस्राव झाला, आणि त्याच्या जागी कायतानु पंतप्रधान झाला. पण हे त्याला सांगायची कोणाची छाती झाली नाही. जुने मंत्री येऊन समोर बसत, तो हुकूम सोडत राही, ते माना डोलावत. जुलै १९७० मध्ये मरेपर्यंत तो स्वतःला पंतप्रधानच समजत होता. इथे तर एक शब्दही पदरचा घालावा लागणार नाही.

फोंड्याचा रेखाटनवाला:
एक खोली, एक म्हातारा, माना डोलावणारे चार मंत्री. माना फिरवून फिरवून वापरता येतात. हे परवडेल.

तिस्कवाली:
खुर्ची मी काढते.