डिस्कवाला प्लेस्टेशन की डिजिटल?

डिस्क ड्राइव्ह नसलेला, म्हणजे डिजिटल, प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल स्वस्त पडतो म्हणून तोच घ्यावा, असे काहीजण म्हणतात; ते मत मला अर्धेच पटते. कारण त्यात प्रत्येक गेम ब्रॉडबँडवरूनच उतरवावा लागतो आणि १०० जीबीच्या गेमला १०० एमबीपीएसच्या जोडणीवर, पूर्ण वेग अखंड मिळाला तरी, जवळपास सव्वादोन तास लागतात. शिवाय खेळून झालेली डिस्क विकता येते, डिजिटल प्रत विकता येत नाही. (अपडेट मात्र डिस्कवाल्यांनाही चुकत नाहीत.)

ऑनलाइन खेळताना वेगापेक्षा पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) महत्त्वाचा. माझा राउटर दिवाणखान्यात आणि कन्सोल आतल्या खोलीत असल्याने वायफायवर ऐन सामन्यात चित्र गोठत असे; शेवटी घरच्यांची नाराजी पत्करून दाराच्या चौकटीवरून १५ मीटर लॅन केबल ओढली, तेव्हा तो त्रास थांबला. महागडा प्लॅन घेण्याआधी तेवढे करून पाहावे.