गिअर उतरताना अडकतो, मागचा ब्रेक जड: केबल घरी बदलताना आउटर कोणतं, किती आणि कशाने कापायचं?

घाटवाट_सातारा
नमस्कार मंडळी. सपाट हँडलची हायब्रीड आहे, पुढे ३, मागे ८ चकत्या, व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा). फिरणं बहुतेक कास रस्त्याला. पावसाळा लागल्यापासून मागचा गिअर मोठ्या चकतीवरून लहान चकतीवर यायला वेळ लावतो. दुसरी क्लिक केली की एकदम दोन चकत्या उतरतो. मोठ्या चकतीकडे जाताना मात्र काही त्रास नाही. यवतेश्वरचा घाट उतरताना मागचा ब्रेक सोडला तरी लिव्हर हळूहळू परत येतो. दुकानात ॲडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करणारा गोल स्क्रू) फिरवून देतात, दोन दिवसांत पुन्हा तेच. ब्रेकचं आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) गिअरलाही चालतं असं तिथे सांगितलं, ते खरं का? इनर (आतली वायर) आणि आउटर दोन्ही बदलायचं आहे. कापायचं कशाने आणि लांबी कशी धरायची?

फ्रीव्हील_कोरेगाव
तुमचं दुखणं ताणाचं नाही, घर्षणाचं आहे. मोठ्या चकतीकडे जाताना अंगठ्याचा जोर वायर ओढतो. लहान चकतीकडे येताना ओढणारं कुणी नाही, फक्त डिरेलरची (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग. आउटरमध्ये पाणी-चिखल शिरून गंज धरला की ती बिचारी हरते. खात्री करून घ्या: ॲडजस्टर सैल केला की लहान चकतीवर उतरणं सुधारतं पण मोठ्या चकतीवर चढणं बिघडतं, घट्ट केला की उलटं. मधली जागा सापडतच नसेल तर केबल गेली. सगळ्यात आधी सडतो तो डिरेलरजवळचा शेवटचा वेढा, कारण मागच्या चाकाचं पाणी थेट तिथे उडतं.

आता आउटर. ब्रेकचं साधारण ५ मिमी जाड, आत चपटी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. गिअरचं ४ मिमी, आत बारीक तारा लांबीच्या दिशेने सरळ. ब्रेकचं आउटर गिअरला लावलं तर वळणावर ते किंचित दबतं, लांबी बदलते आणि क्लिक चकतीवर बसत नाही. एवढ्यावर निभावतं. पण गिअरचं आउटर ब्रेकला कधीही लावू नका. त्या सरळ तारांना बाहेरून फक्त प्लास्टिक धरून असतं. ब्रेकच्या जोराने त्या फाटून बाहेर येतात आणि लिव्हर थेट हँडलला टेकतो. घाटउतारावर हे जिवावर बेतेल. इनरही वेगळी: ब्रेकची १.५ ते १.६ मिमी, गिअरची १.१ ते १.२. सपाट हँडलच्या ब्रेक लिव्हरला आडव्या पिंपासारख्या डोक्याची वायर लागते, रोड सायकलच्या पेरूसारख्या डोक्याची बसत नाही. स्टेनलेसचीच मागा.

कृष्णाकाठ_सांगली
कापण्याबद्दल. साध्या पकडीने कापू नका. आउटर चेपतं आणि इनरच्या तारा उसवतात. केबल कटर एकदाच घ्या, वर्षानुवर्षं पुरतो. जुनी वायर काढण्याआधी सगळ्या वळणांचे मोबाइलवर फोटो काढा, आणि कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा तेही टिपून ठेवा.

लांबीसाठी जुना तुकडा शेजारी धरून मापायचं, पण तो बरोबरच असेल असं धरून चालू नका. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा: कुठे ताण येता कामा नये, आणि सरळ धरल्यावर मोठा फुगाही दिसता कामा नये. मागच्या वेढ्यात आउटर डिरेलरच्या तोंडात सरळ रेषेत शिरलं पाहिजे. आखूड कापलं तर तोंडाशी घडी पडते, लांब ठेवलं तर घर्षण वाढतं. शंका असेल तर १ सेंमी जास्त ठेवा. कमी करता येतं, वाढवता येत नाही.

कापताना आत जुन्या इनरचा तुकडा राहू द्या, म्हणजे आतली प्लास्टिकची नळी कमी चेपते. मग टोक नीट न्याहाळा. ब्रेकच्या आउटरमध्ये तारेचं एक टोक आकड्यासारखं आत वळलेलं दिसेल. तेच इनरला खरवडत राहतं. कानशीने टोक काटकोनात सपाट करा. गिअरच्या आउटरमध्ये नळीचं तोंड मिटलेलं असतं, ते दाभणाने गोल उघडा. ही दोन मिनिटं वाचवली की पुढचं सगळं ट्यूनिंग वाया जातं. फ्रेमच्या स्टॉपमध्ये (आउटरचं टोक अडवणाऱ्या खोबणीत) जाणाऱ्या प्रत्येक टोकाला टोपी हवी आणि आउटर तिच्या तळाशी टेकलेलं हवं.

घाटवाट_सातारा
खूप आभार. आउटरमध्ये ग्रीस भरायचं का? आणि वायर किती ताणून बोल्ट आवळायचा?

माहुली_पेडल
आत प्लास्टिकची नळी असलेल्या आउटरमध्ये जाड ग्रीस भरू नका. धूळ धरतं आणि गिअरची वायर जड होते. इनरवर पातळ तेलाचा हलका हात पुरे. गंज सोडवणारा स्प्रे मारून भागवू नका, तो वाळतो आणि खडखड परत येते.

मागचा गिअर सगळ्यात लहान चकतीवर आणा. शिफ्टरचं (हँडलवरच्या गिअर बदलायच्या लिव्हरचं) झाकण किंवा छोटा स्क्रू काढला की वायरचं डोकं भोकासमोर दिसतं. जुनी ढकलून काढा, नवी घाला. नवी वायर सगळीकडून ओवून होईपर्यंत तिचं टोक कापायचं नाही, नाहीतर तारा उसवून नळीत अडकतात. ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून एक-दोन फेरे बाहेर घ्या. वायर डिरेलरच्या बोल्टजवळच्या खाचेतच बसवा. बोल्टच्या दुसऱ्या बाजूने गेली तर ओढीचं माप बदलतं आणि गिअर कधीच जुळत नाहीत. हाताने ताठ ओढून बोल्ट आवळा, टॉर्क रेंच असेल तर ५ ते ७ न्यूटन मीटर. मग एक क्लिक. साखळी दुसऱ्या चकतीवर चढली नाही तर ॲडजस्टर घड्याळाच्या उलट दिशेने पाव-पाव फेरा. डिरेलरवरच्या एच आणि एल लिहिलेल्या (त्याची दोन्ही टोकांची मर्यादा ठरवणाऱ्या) स्क्रूंना हात लावू नका, केबल बदलल्याने ते बिघडत नाहीत.

ब्रेकला पॅड रिमपासून दोन्ही बाजूंना साधारण १ मिमी. व्ही-ब्रेकवर केबल वळवणारी वाकडी धातूची नळी आतून गंजली असेल तर तीही बदला. जड ब्रेकचं मूळ अनेकदा तिच्यातच असतं. बोल्ट आवळल्यावर उभ्या सायकलवर लिव्हर दहा-बारा वेळा पूर्ण जोराने दाबा. आउटर आणि टोप्या जागेवर बसतात, वायर सैल पडते, मग पुन्हा ओढून आवळा. बोल्टपुढे ४-५ सेंमी ठेवून कापा आणि टोकाला ॲल्युमिनियमची टोपी दाबून बसवा.

कृष्णाकाठ_सांगली
एक भर. फ्रेमच्या स्टॉपना केबल बाजूने काढता येईल अशी खाच असेल तर पावसाळ्यात केबल न काढताही साफ करता येते. साखळी मोठ्या चकतीवर न्या, पेडल थांबवून शिफ्टर लहान चकतीच्या क्लिकपर्यंत सोडा. वायर ढिली पडली की आउटर स्टॉपमधून सुटतं. ते सरकवून आतला भाग पुसा, तेलाचा हात लावा, परत बसवा. कास रस्त्याच्या पावसात हे दर पंधरवड्याला करा.