मदत हवी आहे: पायाच्या धमन्या आणि हिरड्यांचा संसर्ग

नागपूरच्या महाल भागातल्या घरून जवळच्या बडकस चौकापर्यंत चालतानाही बाबांच्या पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. एबीआय, म्हणजे घोटा आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर, ०.६ आलं, ०.९ च्या खाली धमन्या अरुंद समजतात. सीआरपीही, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन, वाढलेला. त्यात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाण्याची सवय, आणि हिरड्यांतून पू. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा हिरड्यांचा जीवाणू धमन्यांत साचणाऱ्या चरबीच्या थरात सापडलेला आहे, पण आजाराचं कारण तोच, असं सिद्ध नाही. हृदयरोग्यांना अझिथ्रोमायसिन देऊनही झटके कमी झाले नव्हते, म्हणून अँटिबायोटिकचा हट्ट नाही. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन चालू असताना कुणी मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांची खोल सफाई करून घेतली आहे का? चालण्यात काही फरक पडला? आणि घरच्यांचा खर्रा कसा सोडवलात, तेही कृपया सांगा.