टर्मिनलवर मराठी तक्त्याचे खाने कोणी जुळवायचे: प्रोग्रॅमने की टर्मिनलने?

काळापडदा (धागाकर्ता)

जिल्ह्याचे नाव आणि त्यासमोर एक आकडा, अशा ओळी छापणारा छोटा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहिला. नाव ३० रुंदीच्या खान्यात डावीकडे टेकवावे, एवढेच प्रिंटएफला, म्हणजे सी मधल्या छापण्याच्या फंक्शनला, सांगितले होते. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, प्रत्येक अक्षराला एक ठरलेली जागा किंवा ‘घर’ असते. तिथे पुण्याचा आकडा २० घरे सोडून उमटला आणि कोल्हापूरचा १० घरे सोडून.

कारण शोधल्यावर कळले ते असे. प्रिंटएफ ही रुंदी बाइटमध्ये मोजते आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘पुणे’ म्हणजे प, उकार, ण आणि एकाराची मात्रा अशी ४ चिन्हे, म्हणजे १२ बाइट. म्हणून तिने पुढे १८ मोकळ्या जागा भरल्या. ‘कोल्हापूर’ ९ चिन्हांचे, २७ बाइटांचे, म्हणून तिथे फक्त ३ जागा. पडद्यावर मात्र उकार, एकार आणि हलन्त यांना स्वतंत्र घर मिळत नाही, पण काना आणि ओकार यांना मिळते. त्यामुळे पुणे २ घरांत मावते आणि कोल्हापूरला ७ लागतात. पायथन ही भाषा बाइटांऐवजी चिन्हे मोजते, त्यामुळे तिथे पुणे आणि कोल्हापूर निव्वळ योगायोगाने जुळतात, पण रत्नागिरीचा आकडा एक घर पुढे सरकतो.

यावरून माझे मत असे झाले आहे की प्रोग्रॅमने खाने जुळवण्याच्या फंदातच पडू नये. दोन मजकुरांच्या मध्ये एक टॅब घालावा आणि मोकळे व्हावे. तक्ता देखणा दिसावा असे ज्याला वाटते त्याने तो पुढे हव्या त्या साधनाने मांडून घ्यावा.

उभीरेघ

निदान मान्य आहे, उपाय अजिबात मान्य नाही. टॅब म्हणजे पुढच्या थांब्यापर्यंत उडी, आणि हे थांबे सहसा दर ८ घरांवर असतात. पुणे आणि कोल्हापूर दोन्ही आठव्या घराअलीकडे संपतात म्हणून त्यांचे आकडे जुळतील. रत्नागिरी मात्र नेमकी ८ घरे व्यापते, त्यामुळे तिचा आकडा थेट १६ घरांवर जाऊन बसेल. म्हणजे आपण चूक सुधारली नाही, तिची जागा तेवढी बदलली.

शिवाय मोजणी टाळायचीच असेल तर त्याचा चांगला मार्ग टर्मिनलनेच दिलेला आहे. एस्केप हे न दिसणारे चिन्ह, डावा चौकोनी कंस, ३० आणि इंग्रजी कॅपिटल जी हा क्रम पाठवला की कर्सर त्याच ओळीत तिसाव्या स्तंभावर जातो, आधीच्या नावाने किती घरे खाल्ली याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ही आज्ञा ईसीएमए-४८ या मानकात आहे. १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनलपासून असे क्रम रुळले आहेत आणि विंडोज १० च्या कन्सोललाही ते २०१६ पासून कळतात. घरे कशी दिली हे टर्मिनललाच ठाऊक असते, तेव्हा जुळवणीही त्याच्याकडेच सोपवावी. प्रोग्रॅमने हात झटकावेत हे मात्र मला पटत नाही. वाचणारा माणूस समोर बसलेला असताना त्याला वेडावाकडा तक्ता देणे हा आळस आहे.

काळापडदा

रत्नागिरीचा मुद्दा निरुत्तर करणारा आहे. पण आपला क्रम फाइलीत गेला की प्रत्येक ओळीत कचरा साचतो. लेस या मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या आज्ञेतून पाहावे तर तिचा कॅपिटल आर हा पर्याय रंगांचे क्रम पुढे जाऊ देतो, कर्सर हलवणारे नाही. ते ओळीच्या मधोमध अक्षरांच्या रूपात छापले जातात. दुसरे असे की नाव खान्यापेक्षा लांब निघाले तर कर्सर मागे येतो आणि आकडा नावाच्या शेपटीवर बसतो. बारावा स्तंभ ठरवून ‘छत्रपती संभाजीनगर’ छापून पाहावे. त्याला १५ घरे लागतात. वेडावाकडा तक्ता निदान खरा तरी असतो.

दोनवाटा

हे भांडण एलएस या फाइलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने केव्हाच मिटवले आहे असे मला वाटते. आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर ती नावे स्तंभांत मांडते, पाइपमध्ये (म्हणजे थेट दुसऱ्या प्रोग्रॅमकडे) किंवा फाइलीत जात असेल तर ओळीला एक नाव लिहिते. सी मध्ये इझॅटीटीवाय हे फंक्शन विचारले की उत्तर मिळते. पडद्यावर उभीरेघ यांचा मार्ग, फाइलीत काळापडदा यांचा टॅब. रंगांनाही हाच न्याय लावावा, आणि नो कलर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमना वाचता येणारी सेटिंग) कोणी लावले असेल तर रंग मुकाट्याने बंद करावेत.

उभीरेघ

बहुतांशी सहमत, पण ही दोन तोंडे फुकट मिळत नाहीत. पडद्यावर स्तंभ पाहून कोणी त्याच आधारावर स्क्रिप्ट लिहितो आणि पाइपमध्ये त्याच्या हाती वेगळेच काही येते. असे वागायचे असेल तर ते मदतीच्या मजकुरात स्पष्ट लिहिलेले असावे, आणि एक पर्याय देऊन सक्तीने बदलताही यावे.

जोडाक्षर

आपण सगळे असे धरून चालला आहात की टर्मिनलने मोजलेली घरे आणि डोळ्यांना दिसणारी रुंदी एकच असते. देवनागरीत ते खरे नाही. ‘ल्हा’ हा आकार फॉन्ट जोडून काढतो, त्याची रुंदी पूर्ण घरांच्या पटीत असेलच असे नाही. काही टर्मिनल तो दाबून बसवतात, काही मध्ये फट ठेवतात, तर काही हलन्त वेगळा दाखवून मोकळे होतात. कोणत्या चिन्हाला किती घरे हे सांगणारे रुंदीचे तक्तेही सगळीकडे सारखे नाहीत: काही लायब्ररी कान्याला एक घर देतात, काही शून्य. त्यामुळे मोजून जागा भरणारा प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर बरोबर आणि शेजारच्या यंत्रावर चूक ठरू शकतो. स्तंभ सांगण्याचा मार्ग इथे सरस आहे, कारण निदान पुढचा आकडा ठरल्या जागी बसतो. नाव मात्र त्याच्या खान्यात कसेही दिसो.

दोनवाटा

मग नाव छापून झाल्यावर कर्सर कुठे आहे हे टर्मिनललाच का विचारू नये? एस्केप, डावा चौकोनी कंस, ६ आणि स्मॉल एन पाठवला की ओळ आणि स्तंभ दोन्ही उत्तरात येतात. नाव खान्याबाहेर गेले असेल तर आकडा खालच्या ओळीत घेता येईल.

काळापडदा

ते उत्तर कीबोर्डच्याच वाटेने, इनपुटमधून येते. ते वाचण्यासाठी टर्मिनलचा मोड बदलावा लागेल आणि तेवढ्यात वापरणाऱ्याने काही टाइप केले तर ते त्यात मिसळेल. ३६ जिल्ह्यांच्या यादीसाठी एवढे मी करणार नाही. टर्मिनल असेल तर तिसावा स्तंभ, नसेल तर टॅब, असा बदल आज केला. आकडा आधी आणि नाव शेवटी छापले तर यातले काहीच लागत नाही, हे मात्र बदल करून झाल्यावर सुचले.