उशीवर डोकं टेकून ‘सॉरी’ म्हटलं की झाला पश्चात्ताप?

वसईचा_वारा: कालपासून एक पोस्ट फिरतेय: "देवाला बायबलच्या स्तोत्र ५१ मधलं भग्न, अनुतप्त हृदय पुरे. फादर कशाला? रात्री उशीवर डोकं टेकताना सॉरी म्हणा." मन मोडलंय की नुसतं चुकचुकलंय हे ठरवणार कोण? आपणच? आम्हा कॅथलिकांत आधी आत्मपरीक्षण, मग खेद, पुन्हा न करण्याचा निश्चय, फादरांपुढे पापांचं निवेदन आणि शेवटी फादरांनी दिलेलं प्रायश्चित्त. उशीवाले खेदापाशीच घोरायला लागतात. गंभीर पापाचा प्रकार सांगावा लागतो, किती वेळा तेही. "थोडा राग येतो, फादर" याला निवेदन म्हणत नाहीत. सासूची पापं सांगून येणारे तर वेगळेच! एक गंभीर पाप मुद्दाम लपवलं की सगळं निवेदन वाया. विसरलं असेल तर पुढच्या खेपेला सांगायचं.

साधा_सभासद: येशूच्या दाखल्यातला (लूक १८) जकातदार ऊर बडवत एक वाक्य बोलला आणि नीतिमान ठरून घरी गेला. आठवड्यातून दोन उपास, उत्पन्नाचा दशांश, हा हिशेब त्याच दाखल्यातल्या कर्मठ परूश्याचा होता. आमच्या प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरचा १५१७ चा पहिलाच मुद्दा आहे की विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्य पश्चात्तापाचं असावं. ईस्टर तोंडावर आला की निवेदनाला रांग लावायची, हे कुठलं?

वसईचा_वारा: ल्यूथरच्या लोकांचा १५३० चा ऑग्सबर्ग जाहीरनामा, कलम ११ वाचा. पापनिवेदन ऐकून खाजगीत क्षमा देणं चालू ठेवा असं तुमचेच लोक म्हणतात.

साधा_सभासद: आणि सगळी पापं मोजून सांगायची गरज नाही, हे त्याच कलमात आहे. अर्धं कलम गिळलंत!

पंचमांश: भांडा तुम्ही. ज्याचे पैसे खाल्ले त्याला ते कधी मिळणार? जुन्या करारातलं लेवीय ६:५ सांगतं, मुद्दल अधिक पाचवा हिस्सा. दहा हजार ढापले तर बारा हजार, तेही दोषार्पणाच्या, म्हणजे दोषाबद्दल बळी द्यायच्या, दिवशीच.

साधा_सभासद: येशूला भेटल्यावर जकातदार जक्कय लुबाडलेल्याच्या चौपट द्यायला निघाला होता. चाळीस हजार होतात.

पंचमांश: जुन्या करारातलंच निर्गम २२ उघडा. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चौपट, बैलाला पाचपट, जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट. ही पकडलेल्या चोराची शिक्षा. जक्कयाने ती आपणहून ओढवून घेतली. आपण कबूल करणाऱ्याला पंचमांशाची सवलत आहे. आजचे लोक मुद्दलही देत नाहीत, वर सभेत साक्ष द्यायला माईक मागतात!

वसईचा_वारा: आमच्याकडेही क्षमा मिळाली म्हणून भरपाई माफ होत नाही. मालक वारला असेल तर वारसांना, वारस सापडत नसतील तर गरिबांना.

साधा_सभासद: गणना ५:८ प्रमाणे वारस नसेल तर रक्कम याजकाची. सोयीस्कर आहे हो!

वसईचा_वारा: म्हणूनच गरिबांना म्हटलं. नीट वाचत चला.

केडगाव_लाइन: १९०५ च्या संजीवनात, म्हणजे धर्मजागृतीच्या लाटेत, केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या मुली ढसाढसा रडत पापं कबूल करत होत्या. त्यांच्याकडे कुणी पावती मागितली होती?

पंचमांश: आशीर्वाद गमावल्यावर एसावही रडला होता, उपयोग झाला नाही.

केडगाव_लाइन: मग येशूला पकडून देणाऱ्या यहूदाने तर त्याची ३० नाणी परत केली! तुमच्या हिशेबाने तो पास?

पंचमांश: ...ठीक. पैसे फेडले म्हणजे मन वळलं असं नाही, एवढं घ्या. येशूला नाकारणाऱ्या पेत्राने काही फेडलं नाही, पण तो प्रभूकडे परतला. यहूदा मुख्य याजकांच्या दारी गेला आणि तिथून गळफासाकडे. मात्र ज्याच्याकडे फेडायला आहे आणि तो फेडत नाही, त्याच्या आसवांवर माझा विश्वास नाही.

वसईचा_वारा: आणि आमच्या त्रेंत धर्मपरिषदेने १५५१ मध्ये म्हटलंय की पूर्ण, प्रेमापोटीचा खेद असेल तर देवाशी समेट निवेदनाआधीच होतो. उशीवाल्यांनी लगेच नाचू नये. त्या खेदात निवेदनाला जायची इच्छा धरलेली असते.

साधा_सभासद: म्हणजे आमचंच म्हणणं, फक्त शेपूट लावून. बरं, ज्याचं वर्षानुवर्षं मापात पाप आहे त्या दुकानदाराने काय करायचं? गिऱ्हाइकं हजार, नावं शून्य.

वसईचा_वारा: त्याच गिऱ्हाइकांना तेवढ्या रकमेपुरतं भाव उतरवून किंवा माप वाढवून द्यायचं. जी आता येत नाहीत त्यांचा वाटा गरिबांना.

पंचमांश: आधी काटा तपासून घ्या म्हणावं.